रेल्वेतला राइट-आउट, देशाचा कोच

१९५०च्या दशकात कलकत्त्यात फुटबॉलपटूचं नशीब ‘मैदान’ म्हणवल्या जाणाऱ्या मोकळ्या पटांगणावरच्या तीन क्लबांच्या तंबूंत ठरायचं: मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग. हंगामापूर्वी खेळाडूंच्या सह्या घेण्याचे दिवस आले की क्लबची माणसं चांगल्या खेळाडूला अक्षरशः उचलून नेत आणि सही होईपर्यंत कुठेतरी लपवून ठेवत. मोठं व्हायचं तर या तिघांपैकी एकाची जर्सी अंगावर हवीच, असा तिथला रिवाज होता. प्रदीपकुमार ऊर्फ पीके बॅनर्जी या राइट-आउटने तो मोडला. कलकत्त्यात आल्यावर एक हंगाम आर्यन क्लबकडे आणि मग निवृत्त होईपर्यंत ईस्टर्न रेल्वेकडे, एवढीच त्याची क्लबची कारकीर्द. बागान आणि ईस्ट बंगाल दोघांनीही त्याला बोलावलं होतं. तो गेला नाही. पुढे हेच दोन क्लब प्रशिक्षक म्हणून त्याने आलटूनपालटून जिंकते ठेवले, आणि भारताच्या संघाचीही धुरा एकदा नव्हे तर अनेकदा त्याच्याकडे आली.

न जाण्याचं कारण साधं होतं. रेल्वेत पक्की नोकरी होती, आणि घर मोठं होतं. प्रदीपचा जन्म २३ जून १९३६ चा, उत्तर बंगालातल्या जलपाईगुडीचा. पुढे कुटुंब जमशेदपूरला आलं. टाटांच्या त्या पोलादनगरीत मुलांना मैदानांची वाण नव्हती. १९५२ साली, वयाची सोळा वर्षं जेमतेम होत असताना, तो राज्यांच्या संतोष ट्रॉफीत बिहारकडून खेळला. १९५४ ला कलकत्ता, १९५५ ला ईस्टर्न रेल्वे आणि त्याच वर्षअखेरीस ढाक्याच्या चौरंगी स्पर्धेत भारताची जर्सी. त्या काळातल्या फुटबॉलपटूला क्लबकडून कीर्ती मिळे, पण महिन्याच्या पगाराची खात्री नसे. घरातल्या कर्त्या मुलाने पगार निवडला, यात मला त्याचा मोठेपणाच दिसतो. त्याचा धाकटा भाऊ प्रसून पुढे भारताकडून खेळला.

या निवडीची भरपाई १९५८ साली झाली. बाघा सोम यांनी तयार केलेल्या ईस्टर्न रेल्वेच्या संघाने कलकत्ता लीग जिंकली. दिवसभर कचेरीत बसणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या संघाने तिन्ही मोठ्या तंबूंना मागे टाकलं. स्वातंत्र्यानंतर असं पहिल्यांदाच घडलं होतं. या तिघांबाहेरचा विजेता त्यानंतर थेट २०१९ साली, पीअरलेसच्या रूपाने दिसला. मधली साठ वर्षं पाहिली की त्या विजयाचं मोल कळतं.

देशाच्या संघात मात्र प्रदीपला गुरू भेटला तो हैदराबादचा. सैद अब्दुल रहीम मूळचे शाळामास्तर. २०२४ साली आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे मराठी प्रेक्षकांनाही आता ते ठाऊक आहेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताने युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्ला होता. आपले बरेच खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. चार वर्षांनी मेलबर्नला रहीमसाहेबांचा संघ बूट घालून उतरला आणि यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवून उपान्त्य फेरीत गेला. त्या सामन्यात नेव्हिल डिसूझाने हॅट्ट्रिक केली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. गोव्यातल्या आसगावचा, मुंबईच्या मैदानांवर घडलेला हा सेंटर-फॉरवर्ड आज मुंबईतही फारसा कुणाला आठवत नाही, याचं वाईट वाटतं. उपान्त्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही नेव्हिलचाच होता, पण मग चार गोल खाऊन आपण हरलो. ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवलं. वीस वर्षांचा प्रदीप या संघात उजव्या बगलेवर होता.

पुढच्या ऑलिंपिकला, १९६० साली रोममध्ये, तो कप्तान होता. गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. हंगेरीशी आपण २-१ ने हरलो. फ्रान्सविरुद्ध प्रदीपने गोल करून आघाडी मिळवून दिली, पण शेवटच्या दहा मिनिटांत फ्रान्सने बरोबरी साधली. पेरूने ३-१ ने हरवलं. गटातून बाहेर पडलेल्या त्या संघाकडे मी अपयशी म्हणून पाहू शकत नाही. तेव्हा आपल्याकडचे सामने सत्तर मिनिटांचे असत आणि ऑलिंपिकचे नव्वद. वर्षभर सत्तर मिनिटांची सवय असलेल्या पायांनी हंगेरी आणि फ्रान्सला शेवटपर्यंत झुंजवलं होतं. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले आणि फुटबॉलमधला पहिला अर्जुन प्रदीपला मिळाला.

मग १९६२ चे जकार्ता आशियाई खेळ. याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पीकेंनी पुढे प्रशिक्षक म्हणून जे केलं त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

सुरुवात वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० ने हरवलं. दुसऱ्या सामन्यात थायलंडला ४-१ ने हरवलं खरं, प्रदीपचे त्यात दोन गोल होते, पण बचावफळीचा आधार जर्नेलसिंग याचं डोकं फुटलं आणि टाके घालावे लागले. जपानविरुद्ध तो नव्हता; तरी प्रदीप आणि आघाडीफळीतला बलराम यांच्या गोलांवर तो सामना २-० ने जिंकला. उपान्त्य फेरीत रहीमसाहेबांनी धाडस केलं. टाके घातलेल्या जर्नेलसिंगला मागे खेळवून उपयोग नव्हता, कारण बचावात डोक्याने चेंडू मारावाच लागतो. म्हणून त्यांनी त्याला सेंटर-फॉरवर्ड म्हणून पुढे उभं केलं. त्याने एक गोल केला, कप्तान चुन्नी गोस्वामीने दोन, आणि दक्षिण व्हिएतनाम ३-२ ने हरलं.

मैदानाबाहेर तोवर वातावरण पेटलं होतं. इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना इंडोनेशियाने प्रवेश नाकारला. त्यावर आशियाई खेळ महासंघातले भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी हे खेळ अधिकृत मानू नयेत, अशी भूमिका घेतली. जकार्तात भारताविरुद्ध निदर्शनं झाली, दूतावासावर जमाव चालून गेला. आपल्या खेळाडूंच्या बसवर दगड येतील म्हणून पगडीधारी जर्नेलसिंग बसमध्ये खाली बसून प्रवास करायचा, असं त्या संघातले खेळाडू पुढे सांगत. ४ सप्टेंबर १९६२ ला अंतिम सामना, समोर पुन्हा दक्षिण कोरिया आणि स्टेडियममध्ये भारताला हुर्यो करणारे सुमारे एक लाख लोक. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने खंगत चालले होते.

सतराव्या मिनिटाला प्रदीपने गोल केला. तीनच मिनिटांनी टाके घातलेल्या जर्नेलसिंगने दुसरा. मग बचाव. मधल्या फळीत गोव्याच्या कोलवाळचा, मुंबईत वाढलेला फॉर्चुनाटो फ्रान्को होता, गोलात पीटर थंगराज, मागे अरुण घोष. कोरियाला एकच गोल करता आला, तोही अखेरच्या मिनिटांत. २-१. आशियाई खेळांत भारताने फुटबॉलचं सुवर्ण दुसऱ्यांदा आणि आजवर शेवटचं जिंकलं. स्पर्धेत प्रदीपचे चार गोल झाले. पुढच्या वर्षी जूनमध्ये रहीमसाहेब गेले.

रहीमसाहेबांच्या चालींचं कौतुक नेहमी होतं, आणि ते रास्तच आहे. पण त्याच संघात बसलेल्या एका सव्वीस वर्षांच्या खेळाडूने त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट पाहिली असणार, असं मला वाटतं. हरलेल्या, जखमी झालेल्या, परक्या गावात घाबरलेल्या माणसांना बोलून कसं उभं करायचं, ही ती गोष्ट. दुखापतींनी १९६७ साली प्रदीपची खेळाडू म्हणून कारकीर्द संपवली. १९६९ साली जपानमध्ये फिफाने प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम घेतला, तो जर्मनीचे डेटमार क्रामर यांच्या हाताखाली त्यांनी पूर्ण केला. जपानच्या फुटबॉलला आकार देणारे ते हेच क्रामर. बाटाच्या संघापासून प्रशिक्षकपदाची सुरुवात झाली आणि १९७२ साली ईस्ट बंगालने त्यांना बोलावलं. इथून ते मैदानाचे ‘प्रदीपदा’ झाले.

१९७२ च्या त्या पहिल्याच हंगामात ईस्ट बंगालने लीग, आयएफए शिल्ड आणि ड्युरँड जिंकली आणि मुंबईच्या रोव्हर्स कपाचं संयुक्त विजेतेपद मोहन बागानसोबत वाटून घेतलं. १९७३ साली शिल्डच्या अंतिम सामन्यात उत्तर कोरियाच्या प्योंगयांग संघाला ३-१ ने हरवलं. १९७५ साली लीगचं सलग सहावं विजेतेपद आलं आणि मोहम्मेडनचा १९३०च्या दशकातला सलग पाचचा विक्रम मोडला. यातली शेवटची चार प्रदीपदांच्या काळातली. मुंबईकरांनी प्रदीपदांच्या संघांचा दबदबा रोव्हर्स कपात, कूपरेजच्या मैदानावर पाहिला. १९७२ ते १९७७ या सहा वर्षांत रोव्हर्सवर त्यांच्या संघाचं, आधी ईस्ट बंगालचं आणि मग मोहन बागानचं, नाव पाच वेळा कोरलं गेलं. राहिलेल्या एका वर्षी, १९७४ साली, ते गोव्याच्या डेम्पोने नेलं.

३० सप्टेंबर १९७५ ला शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० ने हरवलं. बागानच्या काही खेळाडूंनी ती रात्र चाहत्यांच्या भीतीने गंगेत नावेवर काढली. एका तरुण चाहत्याने तर जीव दिला. फुटबॉलवर एवढं प्रेम करणाऱ्या शहरात प्रशिक्षकाच्या डोक्यावर काय ओझं असेल, याचा अंदाज या एका गोष्टीवरून येतो. पुढच्याच वर्षी प्रदीपदा त्याच मोहन बागानचे प्रशिक्षक झाले. १९७६ च्या लीगमध्ये ईस्ट बंगालविरुद्ध सामना सुरू होताच सतराव्या सेकंदाला मोहम्मद अकबरने गोल केला आणि लीग बागानकडे आली. १९७७ साली लीग हातची गेली, पण २४ सप्टेंबरला ईडन गार्डन्सवर पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळायला आले तेव्हा बागानने त्यांना २-२ असं रोखलं. पावसाने मैदान चिखलाचं झालं होतं. गौतम सरकार पेलेंच्या पायात पाय घालून नव्वद मिनिटं फिरत होता, श्याम थापा आणि मोहम्मद हबीब यांनी गोल केले. मग त्याच हंगामात शिल्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स अशा तिन्ही स्पर्धा बागानने जिंकल्या.

हे कसं जमत होतं? मैदान त्याला ‘व्होकल टॉनिक’ म्हणायचं. सामन्याआधी ड्रेसिंग रूमचं दार लावून प्रदीपदा बोलायला लागत. त्यात खेळाडूची आई असे, क्लबची परंपरा असे, देशभक्त असत, जकार्ताची ती रात्रही असे. कुणाला चुचकारत, कुणाच्या वर्मावर बोट ठेवत, प्रत्येकासाठी वेगळी मात्रा. ऐकताना खेळाडू रडत आणि रडून मैदानात उतरत. पण नुसत्या बोलण्यावर सामने जिंकता येत नाहीत. मोहन बागानकडून १९७३ साली ईस्ट बंगालकडे आलेल्या सुभाष भौमिकचं उदाहरण घ्या. धिप्पाड अंगाच्या, मंदावलेल्या या खेळाडूवर प्रदीपदांनी स्वतंत्र मेहनत घेतली आणि पुढची दोन-तीन वर्षं तो बचावफळ्यांचा कर्दनकाळ झाला. हाच भौमिक पुढे ईस्ट बंगालचा यशस्वी प्रशिक्षक बनला. टॉनिकच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात; सकाळच्या सरावाच्या गोष्टी फार कमी. प्रदीपदांवर हा अन्यायच आहे.

आता देशाच्या संघाकडे वळू. डिसेंबर १९७० मध्ये बँकॉकच्या आशियाई खेळांत संघाची जबाबदारी जी. एम. एच. बाशा यांच्यासोबत पीकेंकडे होती, कप्तान सैद नईमुद्दीन. ब्राँझच्या सामन्यात भारताने जपानला १-० ने हरवलं. दोनच वर्षांपूर्वी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलेला तो जपान होता. प्रशिक्षक म्हणून देशाच्या संघाबरोबरची पीकेंची ही सुरुवात. यापुढची वाट चढतीची असणार, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं.

तसं झालं नाही. पुढची बारा वर्षं राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक येत-जात राहिले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांसाठी पुन्हा पीकेंना बोलावणं आलं. घरचं मैदान, नवं कोरं नेहरू स्टेडियम, भास्कर गांगुली कप्तान. बांगलादेशला २-० आणि मलेशियाला १-० ने हरवलं, चीनशी २-२ बरोबरी झाली. उपान्त्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत गोल बसला आणि ०-१ ने सगळं संपलं. सौदीने त्या काळात ब्राझीलच्या मारिओ झगालोंना आणलं होतं. ते स्वतः दोन विश्वचषक जिंकलेले खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून एका विश्वचषकाचे मानकरी. १९८४ साली सौदी आशियाई विजेते झाले. म्हणजे दिल्लीत आपण ज्यांच्याकडून शेवटच्या क्षणी हरलो ते आशियातला सर्वोत्तम संघ होण्याच्या वाटेवर होते. १९८६ साली सोलच्या खेळांतही पीके प्रशिक्षक होते. तिथे भारत गटातच गारद झाला.

एक ब्राँझ, एक उपान्त्यपूर्व फेरी, एक गटातली हार. क्लबच्या कपाटांतले चषक मोजणाऱ्याला हा हिशेब तोकडा वाटेल, आणि कलकत्त्यात तसं म्हणणारे होते. मला तो पीकेंच्या कुवतीचा हिशेब वाटत नाही. रहीमसाहेबांना १९५० पासून मरेपर्यंत जवळजवळ सलग संघ मिळाला. बारा-तेरा वर्षं एका माणसाच्या नजरेखाली खेळाडू घडले. पीकेंना संघ मिळाला तो तुकड्यातुकड्यांनी, स्पर्धा तोंडावर आली की. त्यांचं बलस्थान रोजच्या सहवासात होतं. क्लबमध्ये लीगपासून रोव्हर्सपर्यंत, पावसाळ्यापासून हिवाळा सरेपर्यंत, खेळाडू त्यांच्या डोळ्यांसमोर असे. कोण कशाने पेटतो, कोण कशाने खचतो हे त्यांना कळायला तेवढा काळ लागायचा आणि तेवढा काळ त्यांना क्लबमध्येच मिळाला. देशाच्या शिबिरासाठी खेळाडू सोडायला क्लब नाराज असत. देशभराची लीग १९९६ पर्यंत सुरू झाली नाही. इतर आशियाई देश या काळात संघाची तयारी वर्षानुवर्षांची करत होते आणि आपण ती स्पर्धेच्या आधी काही आठवड्यांत उरकत होतो. त्या आठवड्यांत शब्दांचं टॉनिक किती पुरणार?

पीकेंनी हे ओळखलं असावं, कारण १९९१ साली ते जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत तांत्रिक संचालक म्हणून गेले. ज्या गावात त्यांनी पोरवयात फुटबॉल खेळला तिथेच आता ते किशोरवयीन मुलांना घडवत होते. १९९७ पर्यंत हे काम चाललं. त्याच वर्षी, साठी उलटल्यावर, ते पुन्हा ईस्ट बंगालच्या बाकावर दिसले. फेडरेशन कपाच्या उपान्त्य सामन्यात १३ जुलैला कलकत्त्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागान समोर होतं, प्रशिक्षक अमल दत्ता. दत्तांच्या ‘डायमंड’ या संघरचनेचा त्या मोसमात फार बोलबाला होता आणि त्यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची नावं बिघडवून जाहीर टिंगल केली होती. पीके वर्तमानपत्रांत शांत राहिले. जे बोलायचं ते ड्रेसिंग रूममध्ये बोलले. एक लाख एकतीस हजारांहून अधिक लोकांसमोर बायचुंग भुतियाने हॅट्ट्रिक केली आणि ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकलं. भारतात फुटबॉलच्या सामन्याला एवढी गर्दी त्याआधी झाली नव्हती आणि नंतरही नाही. अंतिम सामन्यात मात्र गोव्याच्या साळगावकरने त्यांना २-१ ने हरवलं.

१९९० साली पद्मश्री आणि २००४ साली फिफाचा शताब्दी सन्मान त्यांच्याकडे चालून आला. २० मार्च २०२० ला ते गेले. कोरोनामुळे देश बंद होण्याच्या बेतात होता. जकार्ताचा कप्तान चुन्नी गोस्वामी त्याच वर्षी ३० एप्रिलला गेला, फ्रान्को २०२१ च्या मे महिन्यात, बलराम २०२३ साली.

पीके जाण्याच्या दोन वर्षं आधी, २०१८ साली, आशियाई खेळ पुन्हा जकार्तात भरले होते. आशियातल्या क्रमवारीत पहिल्या आठांत नाही, या कारणावरून भारतीय ऑलिंपिक संघटनेने फुटबॉलचा संघ तिथे पाठवलाच नाही. बँकॉकमध्ये बाशा आणि पीके यांच्या संघाने १९७० साली मिळवलेलं ब्राँझ हे आशियाई खेळांतलं भारताचं फुटबॉलचं शेवटचं पदक आहे.